चित्र दिसतं तेव्हा मेंदूत काम कुठे होतं आणि कधी? एफएमआरआय, ईईजी आणि एमईजीची जोडी

अवलोकिता (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षं मी दृष्टीवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. इथे बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं. सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करते, कारण या विषयात मी ओढली गेले ती त्याच्यामुळेच.

माणसाला पडद्याच्या मधोमध असलेल्या एका ठिपक्यावर नजर रोखायला सांगितलं. नजर हलवायची नाही, लक्ष मात्र डाव्या बाजूला ठेवायचं, आणि थोड्या वेळाने उजव्या. दोन्ही बाजूंना आकृत्या चमकत राहतात. (करून बघा, जमतं. समोरच्याशी बोलताना दारातून कोण आलं हे आपण असंच टिपतो.) हाच प्रयोग एकदा एफएमआरआयमध्ये (रक्ताच्या ओघावरून मेंदूचं काम दाखवणारं यंत्र) केला आणि एकदा डोक्यावर ईईजीचे (मेंदूची वीज टिपणारे) इलेक्ट्रोड लावून. एफएमआरआयचं उत्तर आलं की ज्या बाजूला लक्ष आहे त्या बाजूसाठी मेंदूच्या पहिल्या दृष्टिक्षेत्रात, म्हणजे व्ही-१ मध्ये, काम वाढतं. ईईजीचं उत्तर आलं की व्ही-१ मधून निघणारी पहिली लाट लक्ष असो वा नसो, जशीच्या तशी राहते.

हे काम सॅन डिएगोमधलं. अँटिगोना मार्टिनेझ, स्टीव्हन हिलयार्ड आणि सहकाऱ्यांनी ते १९९९ मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये छापलं. यातलं कोणतंच यंत्र चुकलेलं नव्हतं. दोघांची उत्तरं एकत्र मांडली तेव्हा एकट्या कुणालाच दिसली नसती अशी गोष्ट हाती आली. ती समजायला आधी दोन्ही यंत्रं नेमकं काय मोजतात ते पाहावं लागेल.

डोळ्याच्या पडद्यावर पडलेल्या चित्राची बातमी मध्ये एक टप्पा घेऊन मेंदूच्या अगदी मागच्या टोकाला पोचते. डोक्याच्या मागे हात लावला तर हाडाचा एक उंचवटा लागतो, त्याच्या आतल्या अंगाला. तिथे आडवी एक खोल खाच आहे, कॅल्करीन खाच. व्ही-१ चा बराचसा भाग या खाचेच्या दोन काठांवर पसरलेला आहे. तिथे समोरच्या दृश्याचा नकाशाच असतो, पण उलटा: डावीकडचं जग उजव्या मेंदूत, उजवीकडचं डाव्या, वरचं दृश्य खाचेच्या खालच्या काठावर, खालचं वरच्या काठावर. नजरेच्या केंद्रातल्या चिमूटभर जागेला या नकाशात भलीमोठी जमीन मिळालेली आहे. वाचताना आपण एकेका शब्दावर नजर का नेतो याचं कारण यातही आहे.

एफएमआरआय चेतापेशींचं काम थेट मोजत नाही, तो मोजतो रक्त. पेशी कामाला लागल्या की त्या भागाकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि गरजेपेक्षा जास्तच वाढतो. त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण तिथे घटतं. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन चुंबकाशी वेगवेगळं वागतं हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्याचा उपयोग मेंदूची चित्रं काढायला होईल हे सेइजी ओगावांनी १९९० मध्ये उंदरांवर दाखवलं, आणि १९९२ मध्ये माणसांवरचे निकाल आले. त्या पहिल्या प्रयोगांमध्येही माणसांना दाखवला होता लुकलुकता प्रकाश आणि पाहिलं होतं मेंदूचा मागचा भाग उजळतो का. म्हणजे या तंत्राने श्रीगणेशा दृष्टीवरच गिरवला.

एफएमआरआय जागा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत सांगतो. पण रक्त सावकाश चालतं. चित्र दाखवल्यावर संकेत शिखराला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पाहणाऱ्याने चित्र ओळखलं, त्याचं नाव घेतलं, त्यावरून एखादी आठवणही काढली. हे सगळं एकाच ढिगात जमा होतं.

ईईजीचं नेमकं उलट. हान्स बर्गर यांनी येना गावी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूचे विद्युतसंकेत टिपले, १९२९ मध्ये छापले. हा संकेत विजेचाच, त्यामुळे वाट पाहणं नाही, सेकंदाचा हजारावा भाग कळतो. पण कवटी विजेला सहज वाट देत नाही. आतल्या एका जागची खळबळ डोक्यावर येईपर्यंत पसरून जाते. दुधी काचेमागे दिवा लागला तर कधी लागला ते कळतं, नेमका कुठे ते नाही, तसं.

एमईजी हे ईईजीचं भावंड. वीज वाहते तिथे चुंबकक्षेत्रही असतं, ते हे यंत्र मोजतं. कवटी चुंबकक्षेत्राला अडवत नाही, म्हणून जागेचा अंदाज बरा येतो. पण हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे पन्नास कोटींचा एक भाग इतकं क्षीण असतं. त्यासाठी जाड धातूच्या थरांची खोली लागते, आणि उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले संवेदक. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये साध्या तारेच्या वेटोळ्याने पहिला संकेत पकडला आणि १९७२ मध्ये एमआयटीत अतिवाहक संवेदक वापरून तो स्वच्छ केला.

तर एकाला जागा कळते, दुसऱ्याला वेळ. दोघांना एकत्र कसं बसवायचं, आणि त्या १९९९ च्या कोड्याचं काय झालं, ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. मध्ये काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

शब्दगंध_क

छान सुरुवात. वाचतेय. लवकर लिहा.

कृष्णाकाठ

मी सांगलीकडे ईईजी-व्हीईपी टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. (व्हीईपी म्हणजे डोळ्याला काही दाखवून मेंदूने दिलेला विजेचा प्रतिसाद मोजणं.) आमच्याकडे रोज जे होतं ते अशा मांडणीत पहिल्यांदा वाचलं.

एक भर घालतो. नुसत्या ईईजीच्या रेघेत चित्राला दिलेला प्रतिसाद डोळ्याला दिसतच नाही, बाकीच्या मेंदूचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. म्हणून आम्ही पेशंटला बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन दाखवतो. ते चौकोन सारखे उलटसुलट होतात, काळ्याचा पांढरा, पांढऱ्याचा काळा. प्रत्येक उलटीनंतरचा तुकडा कापून शंभरेक तुकड्यांची सरासरी काढतो. गोंगाट कधी वर कधी खाली, तो एकमेकांत जिरतो. चित्राचा प्रतिसाद दर वेळी त्याच क्षणी येतो, तो उरतो. मग १०० मिलिसेकंदांच्या आसपास मोठा उंचवटा दिसतो, त्याला पी-१०० म्हणतात.

शंभर तुकडे घेतले की गोंगाट दहापट कमी होतो, दहा हजार घेतले तर शंभरपट. पण तेवढा वेळ पेशंट पटाकडे बघत बसत नाही, झोपतो.

जुनी_पाने

तो उलटा नकाशा कसा सापडला याची हकिगत इथे यायलाच हवी.

१९०४-०५ चं रशिया-जपान युद्ध. रशियन सैनिकांकडच्या नव्या रायफलीची गोळी लहान आणि अतिशय वेगवान होती. ती डोक्यातून आरपार गेली तरी कितीतरी जपानी सैनिक वाचले, मागे एक अरुंद सरळ बोगदा राहिला. तात्सुजी इनौये हा तरुण नेत्रवैद्य. निवृत्तिवेतन ठरवण्यासाठी या सैनिकांची दृष्टी किती गेली ते तपासणं हे त्याचं काम होतं. त्याने प्रत्येकाच्या डोक्यावरची गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा मोजली, त्यासाठी मोजपट्ट्यांचं एक उपकरण स्वतः तयार केलं. मधली सरळ रेषा मेंदूच्या कुठल्या भागातून गेली हे काढलं आणि ते त्या माणसाला दृश्याच्या कोणत्या भागात दिसत नाही याच्याशी ताडून पाहिलं. त्यावरून १९०९ मध्ये नकाशा छापला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी अशाच जखमींवरून तो अधिक तपशिलात मांडला.

एका वहीत गोळीची वाट, दुसऱ्या वहीत दृष्टीची तपासणी. दोन मापं एकमेकांवर ठेवण्याचं काम तेव्हापासून चालू आहे असं म्हणायला हरकत नाही. त्या सैनिकांची नावं मात्र आपण घेत नाही, आणि आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्यांच्या अंधारातून आलेलं आहे.

अवलोकिता

जुनी_पाने, मनापासून आभार. हे इतकं नेटकं मला लिहिता आलं नसतं.

कृष्णाकाठ काका, तुमचा पी-१०० पुढे लागणारच आहे. पण त्याच्याही आधी एक लहान लाट असते, तिला सी-१ म्हणतात. चित्र आल्यावर ५० मिलिसेकंदांनी सुरू होते आणि ९० च्या आसपास शिखर गाठते. ती व्ही-१ मधूनच निघते हे कशावरून?

पुस्तक अर्धवट मिटून आडवं धरा, पानं वर-खाली. ही कॅल्करीन खाच. खालच्या पानावर उभ्या केलेल्या टाचण्यांची टोकं वर, वरच्या पानावरच्या टाचण्यांची टोकं खाली. चेतापेशी अशाच पृष्ठभागाला काटकोनात उभ्या असतात. म्हणजे दृश्याच्या वरच्या भागात चौकोन दाखवला तर खालच्या काठावरच्या पेशी पेटणार, आणि खालच्या भागात दाखवला तर वरच्या काठावरच्या. दोन्हींची वीज उलट दिशेने. म्हणून डोक्यावरची लाट एकदा खाली जायला हवी आणि एकदा वर. सी-१ नेमकी अशीच उलटते. जेफ्रीज आणि अ‍ॅक्सफर्ड यांनी १९७२ मध्ये हा तर्क मांडला, तेव्हा एफएमआरआय नव्हताच! मेंदूची घडी कशी पडली आहे एवढ्या ज्ञानावर त्यांनी लाटेचं गाव शोधलं. मला हा तर्क अजूनही या विषयातला सगळ्यात देखणा वाटतो.

२००२ मध्ये डि रुसो आणि सहकाऱ्यांनी (हिलयार्ड यांच्यासोबतच) हे पक्कं केलं. लोकांच्या दृष्टिक्षेत्रांचे नकाशे एफएमआरआयने काढले, ईईजीवरून लाटांचे उगम वेगळे काढले, आणि दोन्ही एकमेकांवर ठेवले. सी-१ कॅल्करीन खाचेत बसली. त्यानंतरच्या पी-१ लाटेचे (काकांचा पी-१०० याच सुमाराचा) दोन भाग निघाले: आधीचा भाग व्ही-१ च्या बाहेर, वरच्या अंगाला; नंतरचा खालच्या अंगाला, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या पट्ट्याकडे.

शून्यमित्र

मी सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करतो. प्रश्न सरळ विचारतो. डोक्याबाहेर तीनशे संवेदक आणि आत हजारो शक्य जागा. समीकरणं कमी, अज्ञातं जास्त. याला एकच उत्तर असूच शकत नाही. मग तुम्ही जागा ‘काढता’ म्हणजे नेमकं काय करता?

अवलोकिता

बरोबर बोट ठेवलंत. हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ मध्येच सांगून ठेवलं आहे की बाहेरच्या मापांवरून आतले विद्युतस्रोत एकमेव पद्धतीने काढता येत नाहीत. संवेदक कितीही वाढवले तरी. म्हणून काहीतरी गृहीत धरावंच लागतं. गृहीत काय धरलं यावर उत्तर ठरतं.

पहिलं गृहीतक साध्या एमआरआयमधून येतं. हे स्रोत मेंदूच्या सालीतच, म्हणजे बाहेरच्या घड्यांच्या थरातच असतात, आणि सालीच्या घड्या प्रत्येक माणसाच्या वेगळ्या. तेव्हा त्या माणसाच्या एमआरआयवरून त्याच्याच घड्यांचा पृष्ठभाग काढायचा आणि स्रोत फक्त त्यावर, तेही काटकोनात, शोधायचे. अँडर्स डेल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९३ मध्ये हे मांडलं. वरच्या पुस्तकाच्या उदाहरणातली घडी इथे संगणकात जाते. हे गृहीतक भक्कम आहे, कारण ते शरीररचनेवर उभं आहे.

दुसरं गृहीतक एफएमआरआयमधून: जिथे रक्त वाढलं तिथे वीज असण्याची शक्यता जास्त. हे जपून वापरावं लागतं. ‘फक्त तिथेच शोध’ असं संगणकाला सांगितलं आणि एखादी जागा क्षणभर पेटून विझली, इतकी क्षणभर की रक्ताला कळलंच नाही, तर तिची वीज संगणक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहून टाकतो. उत्तर सुबक येतं आणि चुकीचं असतं. लिऊ, बेलिव्हो आणि डेल यांनी १९९८ मध्ये संगणकात खोटे स्रोत पेरून हे तपासलं. त्यांना आढळलं की एफएमआरआयचा शब्द पूर्ण न मानता नव्वद टक्के मानला तर ठीक जमतं. बाकीच्या जागांसाठी दार किलकिलं ठेवायचं.

मी स्वतः पहिल्या वर्षी ते दार पूर्ण बंद केलं होतं. नकाशा इतका सुंदर आला की मी तो छापून टेबलासमोर लावला. तीन आठवड्यांनी एका वरिष्ठ सहकाऱ्याने तोच डेटा एफएमआरआय न घेता चालवला तेव्हा कळलं की अर्धे स्रोत मीच तिथे नेऊन बसवले होते.

बापू_वाईकर

मी शिक्षक होतो, आता निवृत्त. माझ्या समजुतीसाठी मी हे असं मांडलं, चुकत असेल तर सांगा.

मोठा वाडा आहे, आत लग्नाचं जेवण चाललंय आणि आपल्याला आत जायला मनाई आहे. एक माणूस सगळं आटोपल्यावर आत जातो आणि कुठल्या खोलीत किती उष्ट्या पत्रावळी पडल्या ते मोजतो. त्याला कुठे किती जेवले ते अचूक कळतं, कधी जेवले ते नाही. हा एफएमआरआय. दुसरा माणूस भिंतीबाहेर कान लावून उभा. पंगत कधी बसली, कधी उठली हे त्याला घड्याळ लावून सांगता येतं, पण कुठल्या खोलीत ते नीट सांगता येत नाही. हा ईईजी.

अवलोकिता

बापू, चुकत तर नाहीच, पण माझ्या कोड्याचं उत्तर तुमच्या वाड्यातच सापडतंय. तुमचीच मांडणी वापरते.

व्ही-१ ही दारालगतची पहिली खोली. लक्ष दिलं तेव्हा पत्रावळी मोजणारा म्हणतो, या खोलीत नेहमीपेक्षा जास्त लोक जेवले. कान लावलेला म्हणतो, मी ऐकलं ना, या खोलीतली पहिली पंगत (सी-१) अगदी नेहमीएवढीच होती. दोघेही खरं बोलत असतील तर एकच शक्यता उरते: पहिल्या खोलीत नंतर पुन्हा पंगत बसली, आणि जास्तीचे लोक त्या दुसऱ्या पंगतीला जेवले.

मार्टिनेझ यांचं म्हणणं हेच होतं. दृश्याची बातमी व्ही-१ मधून पुढे जाते, पुढच्या क्षेत्रांत लक्षाचा परिणाम होतो (तिथल्या पी-१ लाटेत तो स्पष्ट दिसला), आणि तिथून उलटी वर्दी व्ही-१ कडे परत येते. २००२ मध्ये नोसेल्ट आणि सहकाऱ्यांनी एमईजी आणि एफएमआरआय जोडून ती दुसरी पंगत पकडली. व्ही-१ मध्ये लक्षाचा परिणाम दिसला तो साधारण १४० ते २५० मिलिसेकंदांच्या दरम्यान. सी-१ केव्हाच संपलेली असते.

आता सांगा, हे एका यंत्राने कळलं असतं का? एकटा एफएमआरआय म्हणाला असता, लक्ष पहिल्याच पायरीवर निवड करतं. एकटा ईईजी म्हणाला असता, व्ही-१ चा लक्षाशी संबंध नाही. दोन्ही निष्कर्ष पाठ्यपुस्तकात गेले असते. त्यांचं भांडण झालं म्हणून आपल्याला कळलं की पाहणं हा एकतर्फी प्रवास नाही.

मधुरा_द

माझा प्रश्न घरगुती आहे, चालेल ना? माझ्या मुलीला (वय १९) एका डोळ्याने अचानक धूसर दिसायला लागलं, डोळा हलवला की दुखायचा. एमआरआय केला. मग डॉक्टरांनी व्हीईपी करायला सांगितलं. एमआरआय एवढा मोठा, महाग तपास झाल्यावर पुन्हा हा कशाला, असं वाटून आम्ही चार दिवस तसेच घालवले. कुणी नीट समजावून सांगितलं नाही. हा धागा वाचून शंका येतेय की हेही तुम्ही म्हणता तसं कुठे आणि कधी असंच आहे का?

कृष्णाकाठ

ताई, अगदी तसंच आहे. एमआरआय डोळ्याच्या नसेचा फोटो देतो. व्हीईपी त्या नसेतून निरोप किती वेळात पोचला ते सांगते. नसेवरचं आवरण खराब झालं की निरोप पोचतो पण उशिरा पोचतो, आणि पी-१०० पुढे सरकतो. म्हणूनच प्रत्येक डोळा झाकून वेगवेगळं मोजतात, दोन्हींतला फरक फार बोलका असतो.

येताना मुलीचे केस धुऊन आणा, तेल अजिबात नको, इलेक्ट्रोड धरत नाही. आणि चष्मा असेल तर न विसरता आणा. धूसर दिसलं तरी लाट बिघडते आणि उगाच नसेवर आळ येतो. निम्मे पेशंट चष्मा घरी ठेवून येतात.

डॉ_निशिगंध

नेत्रतज्ज्ञ म्हणून एवढंच जोडते. लंडनमध्ये हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मशिन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की डोळ्याच्या नसेला सूज येऊन गेल्यावर नजर पूर्ववत झाली तरी हा उशीर पुष्कळदा तसाच राहतो. त्यामुळे जुना, विसरलेला आजारही व्हीईपीत सापडू शकतो. मधुराताई, उशीर दिसला म्हणजे दृष्टी जाणार असं समजू नका. आणि तुमच्या डॉक्टरांना सगळे प्रश्न कागदावर लिहून विचारा, तो तुमचा हक्क आहे. तपासणी मात्र आता लांबवू नका.

अवलोकिता

मधुराताई, मुलीला लवकर बरं वाटो. एक खुलासा: तिचा एमआरआय रचनेचा असणार, मी लिहिते आहे तो एफएमआरआय कामाचा. यंत्र तेच, फोटो वेगळे.

तर्कट

धागा आवडला, पण दोन हरकती.

एक: व्ही-१ मध्ये रक्त वाढलं याचा अर्थ दुसरी पंगत बसली असाच का? कास्टनर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की पडद्यावर काहीच नसताना, नुसतं ‘आता इथे काही येणार’ म्हणून लक्ष लावलं तरी दृष्टिक्षेत्रांत एफएमआरआयचा संकेत वाढतो. म्हणजे जास्तीच्या पत्रावळी पंगतीआधीच मांडून ठेवलेल्या असू शकतात.

दोन: सी-१ लक्षाने बदलत नाही हेही सर्वमान्य नाही. २००८ मध्ये केली, गोमेझ-रामिरेझ आणि फॉक्स यांनी प्रत्येक माणसाच्या घडीनुसार आकृतीची जागा निवडली आणि त्यांना सी-१ मध्ये बदल मिळाला.

अवलोकिता

तर्कट, दोन्ही हरकती रास्त आहेत. मला उत्तरं देताना आनंद होतोय.

पहिलीबद्दल: हो, मांडून ठेवलेल्या पत्रावळीही मोजणीत येतात, आणि एफएमआरआयला त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून २००२ चं एमईजीचं काम महत्त्वाचं. तिथे चित्र आल्यानंतरच्या क्षणांमध्येच व्ही-१ मधला फरक दिसला. अपेक्षेमुळे झालेली वाढ खोटी ठरते असं मात्र मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच ढिगात असाव्यात. त्यातच २००१ मध्ये ट्यूबिंगेनला निकोस लोगोथेटिस यांनी माकडांच्या व्ही-१ मध्ये इलेक्ट्रोड ठेवून त्याच वेळी एफएमआरआय केला. रक्ताचा संकेत पेशींनी बाहेर धाडलेल्या निरोपांपेक्षा त्या भागात येणाऱ्या निरोपांशी आणि तिथल्या अंतर्गत घडामोडींशी जास्त जुळला. परत आलेली वर्दी हा ‘आत येणारा निरोप’च की! म्हणून एफएमआरआय तिला इतका ठळक दाखवतो असं मला वाटतं.

दुसरीबद्दल: २०१८ मध्ये बाउमगार्टनर, हिलयार्ड, पिट्स आणि सहकाऱ्यांनी तोच २००८ चा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि सी-१ मध्ये बदल सापडला नाही. वाद मिटला असं मी म्हणत नाही. माझा कल कुठे आहे तो तुम्हाला दिसतोच आहे.

शून्यमित्र

मग सगळं एकाच वेळी का नाही मोजत? वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर माणूस तोच असला तरी लक्ष, थकवा, सगळं वेगळं.

अवलोकिता

ईईजी एमआरआयच्या आत करतात, १९९३ पासून. पण त्रास फार. एमआरआयचं चुंबकक्षेत्र सारखं बदलतं, त्यामुळे इलेक्ट्रोडच्या तारांत मेंदूच्या संकेताच्या शेकडो पट मोठी वीज उठते. ती दर वेळी सारखीच असते म्हणून सरासरी काढून वजा करता येते. खरा छळ हृदयाचा. प्रत्येक ठोक्याबरोबर डोकं आणि डोक्यातलं रक्त किंचित हलतं, एवढ्या बलाढ्य चुंबकात तेवढ्यानेही वीज उठते, आणि कुठलेही दोन ठोके सारखे नसतात. तरीही काही प्रश्नांना दुसरा मार्ग नाही. उदाहरणार्थ डोळे मिटल्यावर मागच्या भागात येणारी अल्फा लय, सेकंदाला ८ ते १३ वेळा. ती आपल्या मर्जीने वाढते-घटते. ती वाढली त्या क्षणी रक्ताचं काय झालं हे विचारायचं तर दोन्ही एकाच वेळी मोजायला हवं. उत्तर असं आलं की अल्फा वाढली की दृष्टिक्षेत्रांतला रक्ताचा संकेत घटतो.

एमईजी आणि एमआरआय मात्र एकत्र अशक्य. तीन टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या साठ हजार पट. त्याच्या शेजारी पृथ्वीच्या पन्नास कोटीव्या भागाएवढं क्षेत्र कोण मोजणार? तिथे दोन दिवस, दोन इमारती.

गोदातीर

वाखू (वाचनखूण) साठवली. भारतात एमईजी कुठे आहे?

अवलोकिता

बंगळुरूला निम्हान्समध्ये आहे. तिथे अपस्माराच्या रुग्णांसाठीही वापरतात: शस्त्रक्रियेआधी झटका नेमका कुठून उठतो ते शोधायला. आता हेलियम न लागणारे, डोक्याला टोपीसारखे चिकटून बसणारे संवेदकही आले आहेत. नॉटिंगहॅमच्या गटाने २०१८ मध्ये ते घालून माणसाला डोकं हलवू देत मोजणी केली. लहान मुलांसाठी मला त्याची फार आशा वाटते.

शून्यमित्र, वेगवेगळ्या दिवशी मोजूनही जोडायची एक वेगळीच वाट आहे, ती तुम्हाला आवडेल. २०१४ मध्ये सिची, पँटाझिस आणि ओलिव्हा यांनी जागा शोधायचा हट्टच सोडून दिला. ९२ चित्रं घेतली: चेहरे, प्राणी, फळं, वस्तू. त्यांच्या जोड्या होतात ४१८६. प्रत्येक जोडीसाठी विचारलं, ही दोन चित्रं मेंदूला किती सारखी वाटतात? एमईजीला हे प्रत्येक मिलिसेकंदाला विचारलं, एफएमआरआयला प्रत्येक जागेसाठी. दोन्हीकडून एकाच आकाराचे तक्ते तयार झाले. कुठल्या क्षणाचा तक्ता कुठल्या जागेच्या तक्त्याशी जुळतो ते पाहिलं. व्ही-१ शी जुळणी शिखराला आली सुमारे १०० मिलिसेकंदांना, आणि वस्तू ओळखणाऱ्या खालच्या पट्ट्याशी सुमारे १३० ला. कवटी, वहनक्षमता, उलटी समीकरणं, कशाचीच गरज पडली नाही.

उणीव आहेच: दोन जागांचे तक्ते सारखेच असतील तर ही पद्धत त्यांना वेगळं ओळखू शकत नाही.

बापू_वाईकर

म्हणजे भिंतीबाहेरच्याने आवाजावरून पंगतीतले पदार्थ ओळखले आणि आतल्याने उष्ट्यावरून, आणि मग दोघांनी याद्या जुळवल्या. कळलं.

मधुरा_द

काल व्हीईपी झाली. केस धुतले होते, चष्मा नेला होता. उजव्या डोळ्याचा पी-१०० पुढे सरकलेला आहे, डावा नॉर्मल. डॉक्टरांनी या वेळी कागद समोर ठेवून समजावलं, आणि लेकीनेच त्यांना विचारलं की हा कुठल्या जागेचा आवाज आहे. उपचार सुरू झालेत. सगळ्यांचे आभार, काकांचे जास्त.

कृष्णाकाठ

देव बरं करो. सहा महिन्यांनी पुन्हा करायला सांगतील, तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. प्रत्येक लॅबचे पडदे, चौकोनांचा आकार, नॉर्मलचे आकडे वेगळे असतात, एकमेकांशी ताडता येत नाहीत.

शून्यमित्र

अवलोकिता, तुम्ही व्यक्तिगत निरोपातून सुचवलेला एमएनई-पायथनचा (एमईजी-ईईजीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) नमुना डेटा शनिवारी उतरवून घेतला. ३०६ एमईजी आणि ६० ईईजी वाहिन्या, डाव्या-उजव्या बाजूला चौकोनांचे पट, मध्ये कानात टोन. साधा लॅपटॉप पुरला. डाव्या पटासाठी उजव्या मेंदूचा मागचा भाग १०० मिलिसेकंदांच्या जवळपास उजळला. पडद्यावर ते सरकताना पाहिलं आणि बायकोला हाक मारून दाखवलं.

मग वर-खाली पट घेऊन सी-१ उलटते का ते पाहायला गेलो, तर त्यात वर-खाली वेगळं केलेलं सापडत नाही. मी चुकीच्या ठिकाणी शोधतोय का?

अवलोकिता

नाही, त्या डेटात फक्त डावं-उजवं आहे. वर-खालीसाठी मोजणी वेगळी करावी लागते. माझ्याकडे अशी एक मोजणी आहे, पण ती ज्यांची आहे त्यांची परवानगी घेऊन नावं-खुणा काढल्याशिवाय देता येणार नाही. सोमवारी विचारते.